अठ्ठेचाळीस छाती आणि गजाचे टोले

माणूस म्हातारा व्हायला लागला हे आधी कुठं कळतं? लोक म्हणतात, केसांत. साफ चूक! पंचविशीत पांढरे झालेले आणि सत्तरीत काळेभोर राहिलेले केस मी ढिगानं पाहिलेत. म्हातारपण पहिल्यांदा येऊन बसतं ते कोटाच्या कॉलरमागं. चांगला अंगाबरोबर बसणारा कोट एक दिवस मानेपासून बोटभर सुटा राहतो. मागची किनार वर उचलते, पुढची खाली लोंबते. गिऱ्हाईक तणतणत येतं, "मास्तर, कोट बिघडवलासा की!" कोट आहे तसाच असतो. आतली पाठ वाकलेली असते, खांदे पुढं आलेले असतात, आणि हे त्या माणसाला, त्याच्या बायकोला, त्याच्या डॉक्टरला अजून कुणालाच ठाऊक नसतं. त्याच्या शिंप्याला मात्र ठाऊक असतं.

मी शिंपी. कोल्हापुरात शाहूपुरीत माझं दुकान. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या वर्षी ते थाटलं आणि पुढची दहा-बारा वर्षं अशी काही धमाल गेली की आजही आठवलं तर हात शिवशिवतात. दुकान म्हणजे एकच लांबट खोली. पुढं माझं टेबल, दोन मशिनी, दोन कारागीर, गिऱ्हाइकांना बसायला एक बाकडं आणि माणूसभर उंचीचा आरसा. मागं गादीच्या खोळीच्या कापडाचा जाड पडदा. पडद्यामागं आमची मंडळी, म्हणजे माझी बायको सरस्वती, काज-बटण करायला बसायची. तिची मराठी सातवी झालेली, अक्षर मोत्यासारखं. म्हणून मापवहीही तिच्याकडं. माझ्या एका हातात टेप, दुसऱ्यात खडू. मी लिहिणार कधी? मी माप घ्यायचो आणि ओरडायचो, ती पडद्याआड लिहायची. दोन मशिनींच्या खडखडाटातून आवाज पलीकडं पोचला पाहिजे, म्हणून मी बेंबीच्या देठापासून ओरडायचो. "छाती चाळीस! कंबर छत्तीस! खांदा अठरा!" रस्त्यावरच्या माणसालाही कळायचं, आत कोणाची कंबर किती आहे ते. आमच्या दुकानाची ती पद्धतच पडली आणि मला तिचा भारी अभिमान होता.

त्या अभिमानाचा पहिला बळी ठरले एक पेन्शनीत निघालेले फौजदार. रुबाबदार माणूस, मिशीला पीळ. निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली. पुतणीच्या लग्नासाठी कोट शिवायला आले. मी छातीभोवती टेप घेतला आणि ओरडलो, "छाती अडतीस!" एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण जुनं माप माझ्या डोक्यात होतं, आणि जिभेला हाड कुठं असतं? मी म्हणालो, "साहेब, चार इंच गेली की हो!" बाकड्यावर सहा-सात माणसं होती. फौजदारांनी आरशातून बाकड्याकडं पाहिलं. सदऱ्याची बटणं लावली, टोपी घातली आणि निघून गेले. कापड टेबलावर तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी गडी पाठवून परत नेलं. त्यानंतर ते कधी आमच्या बाजूच्या फुटपाथवरून चाललेसुद्धा नाहीत. आजही ते आठवलं की मला माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

त्या दिवशी दुकान बंद करताना बायको म्हणाली, "तुम्ही माप घेता का दवंडी पिटता?"

"मग काय कानात सांगू गिऱ्हाइकाच्या? तुला पडद्याआड ऐकू कसं जायचं?"

"ओरडायचं ते जुनंच माप ओरडा," ती म्हणाली. "ते माझ्या वहीत आहेच. आता किती कमी झालं तेवढं गजानं सांगा. टेबलावर एक टोला म्हणजे एक इंच."

गज म्हणजे आमची लाकडी पट्टी. शिंपी ती दिवसभर टेबलावर आपटतच असतो, कापड सरळ करायला म्हणा, माशी हाकलायला म्हणा. कुणाला कशाला संशय येतोय? पोट सुटलेल्यांसाठी मग मी माझ्या डोक्यानं भर घातली: कात्रीचा एक खटका म्हणजे एक इंच जास्त. झालं! दुसऱ्याच दिवसापासून दुकानात सगळे म्हातारे पुन्हा तरुण झाले. "छाती चाळीस!" टक टक. "कंबर चौतीस!" खट खट खट. गिऱ्हाईक आरशात बघून खूश, बाकडं खूश, आणि कोट मात्र खऱ्या मापाचा. अंगाला असा बसायचा की लोक म्हणायचे, मास्तरांच्या हातात जादू आहे. जादू पडद्याआड बसलेली होती.

नुसतं माप कळून भागत नाही, हे मला हळूहळू उमगत गेलं. साठीनंतर माणसाचा हात डोक्याच्या वर नीट जात नाही. डोक्यातून घालायचा सदरा काढताना तो आतल्या आत अडकतो आणि सुनेला हाक मारायची लाज वाटते म्हणून तसाच धडपडत राहतो. त्याला पुढून पूर्ण उघडा सदरा द्यायचा. बोटांची पेरं सुजतात, बारीक बटण हातात येत नाही. त्याला मोठं बटण आणि सैल काज द्यायचं. उंची बोट-दोन बोटं उतरते, तेव्हा पँट आखूड करायची. नाहीतर टाच किनारीत अडकून माणूस तोंडावर पडतो. आणि थंडी! तरुणाला जिथं सदरा पुरतो तिथं म्हाताऱ्याला अस्तर लागतं. यातलं काहीही त्याला विचारायचं नाही. विचारलं की तो म्हणणार, "छे छे, मला काय झालंय?" न विचारता गुपचूप करायचं आणि वर म्हणायचं, "सध्या अशीच फॅशन आहे, साहेब."

फॅशनच्या नावाखाली अख्ख्या कोल्हापूरच्या म्हाताऱ्यांना मी मोठी बटणं लावली. पण बटणावरून आठवले ते नानासाहेब. संस्थान होतं तेव्हा हे दरबारच्या कचेरीत मोठे कारकून होते. संस्थान विलीन झालं, कचेरी बदलली, नानासाहेब घरी बसले. बायको आधीच गेलेली, मुलगा पुण्याला. तरी हा माणूस रोज दहाच्या ठोक्याला कोट-रुमाल चढवून घराबाहेर पडायचा. जायचं कुठं, हे त्यालाही माहीत नसावं. आमच्याकडं मात्र दर चार दिवसांनी यायचा, हातात तुटलेलं बटण घेऊन. "मास्तर, हे बघा, पुन्हा तुटलं." बायको बटण लावून देईपर्यंत बाकड्यावर बसायचा, जुन्या कचेरीच्या गोष्टी सांगायचा आणि चहा घेऊन जायचा.

मी वैतागलो. आमची शिलाई कच्ची असल्याची बोंब व्हायची! एकदा बायकोवर खेकसलो, "जरा घट्ट लावत जा की बटण."

तिनं दोऱ्याचं टोक माझ्या नाकासमोर धरलं. "हा तुटलेला नाही. ब्लेडनं कापलेला आहे."

मी दोरा उजेडात धरून पाहिला. माणसाला दोन शब्द बोलायला जागा हवी म्हणून तो घरी बसून स्वतःच्या कोटाची बटणं कापत होता. त्यानंतर बायकोनं काय केलं असेल? नानासाहेबांचं तुटलेलं बटण लावताना ती शेजारचं एक बटण मुद्दाम सैल करून ठेवायला लागली. "बिचाऱ्याला ब्लेड कशाला लागावं?" म्हणाली. त्या हिशेबानं नानासाहेब सात वर्षं आमच्याकडं येत राहिले.

आता मूळ गोष्टीकडं येतो. ती सांगायला मी कधीचा उतावीळ झालोय.

दौलू वस्ताद हे नाव तेव्हा कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नसे. ऐन उमेदीत त्यांनी मैदानं मारली, मग तालमीत पोरं घडवली. त्यांच्या हाताखालचे सहा पैलवान पुढं गावोगाव नाव कमावून होते. स्वातंत्र्याच्या साली वस्ताद माझ्याकडं पहिल्यांदा कोटाला आले. दुकानाच्या पायऱ्या चढताना मोठ्यानं मोजत आले, "एक, दोन, तीन!" आयुष्यभर जोर-बैठका मोजून त्यांना ती खोडच लागली होती, चहात साखर पडली तरी चमचे मोजायचे. मी छातीभोवती टेप घेतला, दोन्ही टोकं हातात येईनात. कशीबशी आणली आणि आकडा वाचून माझाच आवाज फाटला.

"छाती अठ्ठेचाळीस!"

पडद्याआडून बायको म्हणाली, "काय? पुन्हा सांगा!"

"अठ्ठेचाळीस गं बाई, अठ्ठेचाळीस!"

समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण तसाच ठेवून वस्तरा घेऊन बघायला आला. रस्त्यात माणसं थांबली. वस्ताद आरशासमोर उभे राहून हसत होते. त्या दिवसापासून मापवहीतलं ते पान मी येईल त्याला उघडून दाखवायचो. माझीच छाती असल्यासारखा मिरवायचो म्हणा ना.

पुढची आठ वर्षं वस्तादांनी नवा कपडा शिवला नाही. मधल्या काळात त्यांचे गुडघे गेले. त्यांची बायको वारली. तालमीत नवा वस्ताद आला. दौलू वस्ताद मग आत मातीत न उतरता बाहेरच्या कट्ट्यावर बसायला लागले. पोरं येताजाता पाया पडायची, पण डाव विचारायला कुणी थांबायचं नाही. हे मी जातायेता बघत होतो आणि बघून न बघितल्यासारखं करत होतो.

एक दिवस त्यांचा थोरला चेला शंकर पैलवान भारी कापडाचा तागा घेऊन दुकानात आला. कागलजवळच्या एका गावात जत्रेचं मोठं मैदान भरणार होतं. तिथं वस्तादांचा सत्कार ठरला होता. सहाही चेले त्या मैदानात खेळणार आणि जिंकणाऱ्याचा हात वस्ताद वर करणार.

"बंद गळ्याचा कोट शिवा, मास्तर," शंकर म्हणाला. "सगळ्यांम्होरं त्यांच्या अंगावर घालायचाय. त्यास्नी सांगू नगासा."

"मग माप?"

"माप हाय की वहीत! अठ्ठेचाळीस म्हंजे आख्ख्या कोल्हापूरला पाठ हाय."

इथं मी माती खाल्ली. कारागिरांना मी रोज बजावायचो, जुन्या मापावर कापड कापायचं नाही, माणूस रोज बदलतो. आणि मी स्वतः आठ वर्षांपूर्वीच्या पानावरून कात्री चालवली. का? तो आकडा मला पुसायचा नव्हता. कट्ट्यावर बसलेले वस्ताद मी रोज बघत होतो, तरी माझ्या लेखी त्यांची छाती अठ्ठेचाळीसच होती. बायको म्हणालीसुद्धा, "एकदा बघून तरी या त्यांना." मी तिला गप्प केलं.

शंकरच्या पोटात गोष्ट राहिली नाही. मैदानाला तीन दिवस होते आणि कोट अजून कच्च्या टाक्यांवर होता, तेवढ्यात वस्ताद स्वतःच ट्रायलला हजर! इस्त्रीचं धोतर, डोक्याला नवा पटका, तोंडभर हसू. गुडघ्यावर हात देत, पायऱ्या मोजत वर आले. "मास्तर, आण की कोट. मला गप बसवंना."

दुकान भरलेलं होतं. मी कोट त्यांच्या अंगावर चढवला. कोटाचे खांदे वस्तादांच्या खांद्यावरून ओघळून खाली आले. हात बाहीत बोटांपर्यंत गडप झाले. छातीवर कापडाच्या घड्या पडल्या. मोठ्या भावाचा कोट घातलेल्या पोरासारखे ते आरशासमोर उभे होते. बाकड्यावर कुणीतरी फिसकन हसलं.

वस्तादांनी आरशात स्वतःला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मी गळ्याशी लावलेली टाचणी काढायला त्यांनी हात वर नेला. सुजलेल्या बोटांना ती सापडेना. मी पुढं झालो तर त्यांनी मला हातानं मागं सारलं.

"ह्यो कोट माझा न्हाय," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा तरी हाय." दारातून वळून म्हणाले, "शंकरला सांग, वस्ताद यायचा न्हाय. गुडघं दुखत्यात म्हणावं."

उतरताना त्यांनी पायऱ्या मोजल्या नाहीत.

पडदा सारून बायको बाहेर आली. भर दुकानात ती कधी बाहेर यायची नाही, पण त्या दिवशी आली. "हा माणूस आता घरी बसला तर पुन्हा उठायचा नाही," ती म्हणाली. "फौजदार परत आले का? जा, घेऊन या त्यांना. आणि या खेपेला टेप लावल्याशिवाय कात्रीला हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालमीच्या कट्ट्यावर गेलो. वस्ताद भिंतीला टेकून बसले होते. आतून शड्डूचे आवाज येत होते. मी वाकून पाया पडलो.

"वस्ताद, चूक माझी. माप न घेता कापड कापलं. हात न मिळवता कुस्ती धरावी तसलं काम झालं ते."

"मग माप घ्यायचं न्हाई व्हय खुळ्या?"

"भ्यालो."

"कुणाला?"

मी कट्ट्याची माती बोटानं उकरायला लागलो. त्यांनी हात झटकला. मग म्हणाले, "आता कशाला? म्हातारा झाल्याला बैल कोन सजवतंय?"

माझं डोकंच फिरलं. मी मोठ्यानं बोललो, "सहा पैलवान तुमच्यासाठी लंगोट चढवणार, आन् तुमी गुडघ्याचं कारण सांगता? त्यांचा हात कुणी वर करायचा मग? मी?"

वस्ताद दचकले. तालमीतल्या चार पोरांनी दारातून डोकी बाहेर काढली. मला वाटलं आता माझी धडगत नाही. पण त्यांच्या मिशीतून हसू फुटलं. "तू? तुजा सोताचा हात तरी वर जातोय का?" एवढं म्हणून ते उठले. अर्ध्या वाटेत थांबले. "मास्तर, वरडणार काय तू?"

"ओरडल्याशिवाय आमच्या घरात ऐकू जात नाही, वस्ताद."

त्यांनी पटका सारखा केला. परत मात्र फिरले नाहीत.

दुकानात नेमकी कालचीच दोघं-तिघं बाकड्यावर होती. मी टेप घेतला.  त्या छातीभोवती टेप सहज फिरला, टोकावर टोक आलं. बेचाळीस. कातडीखाली बरगड्या लागत होत्या. मी मोठा श्वास घेतला आणि असा ओरडलो की समोरच्या न्हाव्यानं मान वर केली.

"छाती अठ्ठेचाळीस!"

आणि गज उचलला. टक. टक. टक. एवढे टोले कुणासाठी कधी मारावे लागले नव्हते. टक. टक. बायको गोंधळली तर? एक टोला चुकला तर? टक. पडद्याआड शांत.  मग तिचा आवाज आला, खणखणीत. "लिहिलं!"

बाकड्यावरचा कालचा हसणारा सरसावून बसला. "आयला, अजून अठ्ठेचाळीसच! मग कालचा कोट मास्तरांनीच बिघडवलेला म्हणायचा."

"व्हय, माझीच चूक," मी म्हणालो, आणि त्यात तर काही खोटं नव्हतं. वस्ताद आरशासमोर सरळ उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील असं मला वाटलं.

मग जी धांदल उडाली! कोट सहा इंचांनी लहान करायचा म्हणजे बाजूची शिवण आत घ्यायची एवढं सोपं नसतं. खांदा, मुंढा, म्हणजे बाही जोडतो तो गोल, गळा, सगळं उसवून नव्यानं कापावं लागतं. बाकीची कामं मी बाजूला सारली. दोन्ही कारागीर एकाच कोटावर. मध्येच मला मोह झाला. छातीत अस्तराखाली कापूस भरला तर? पुन्हा अठ्ठेचाळीस दिसेल! मी कापूस पिंजायलाही बसलो.

बायकोनं तो माझ्या हातातून काढून घेतला. "सहा चेले मिठी मारणार. त्यांच्या हाताला कापूस लागला म्हणजे?"

मग मी खरं तेच कापलं. वाकलेल्या पाठीला दीड इंच जास्त लांबी दिली, पुढून तेवढीच कमी केली. डावा खांदा जरा उतरला होता, त्याला तसाच उतार दिला. आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी गंमत इथं आहे. वाकलेल्या माणसाला ताठ मापाचा कोट घातला की तो जास्त वाकलेला दिसतो, आणि त्याचा बाक मान्य करून कोट शिवला की तो ताठ दिसतो. बटणं मोठी, काज सैल. आदल्या दिवशी दिवेलागणीला शेवटचा टाका घातला तेव्हा आम्ही तिघंही टेबलावर डोकी टेकून हसत होतो.

मैदानाला मी सर्व्हिस मोटारीनं गेलो. काय ती गर्दी! डोंगराच्या उतारावर, झाडांवर, बैलगाड्यांवर माणसंच माणसं. हलगी कडाडत होती. लाल माती नुकतीच शिंपडलेली, तिचा वास नाकात भरत होता. मधोमध सहा पैलवान रांगेत उभे. शंकरनं वस्तादांच्या अंगावर कोट चढवला. वस्तादांनी एक एक बटण स्वतः लावलं, पाचही, कुणाची मदत न घेता. आणि वळले. मी श्वास रोखून बघत होतो. कॉलर मानेला चिकटून! पाठीचा बाक कोटात कुठं जिरला ते माझं मलाच सापडेना. गर्दीनं असा गलका केला की झाडांवरचे कावळे उडाले.

कर्ण्यावरून पुकारणारा भलताच रंगात आला होता. "आपल्यासमोर उभे आहेत, अठ्ठेचाळीस इंची छातीचे—"

वस्तादांनी हात वर केला. ते पुढं झाले आणि त्याच्या हातातून तो बोलायचा दांडा काढून घेतला. मला काही समजेना.

"अठ्ठेचाळीस न्हवं," त्यांचा आवाज कर्ण्यातून डोंगरापर्यंत गेला. "बेचाळीस! शाहूपुरीच्या मास्तरानं परवा घेतलीया. त्यो वरडला अठ्ठेचाळीस, आन् गजानं हाणलं सहा टोलं. त्येला वाटलं म्हाताऱ्याला कळत न्हाय. आरं, हज्जारांनी बैठका मोजल्याल्या मानसाला सहा टोलं मोजायला येत न्हाईत व्हय?"

मैदान खदखदून हसलं. लांब बसलेली शाहूपुरीची चार माणसं माझ्याकडं बोटं दाखवायला लागली. मी खाली मान घातली. दुकानात आरशासमोर हलणारे वस्तादांचे ओठ मला आठवले.

"आता इचारशीला, सहा इंच गेलं कुठं?" वस्तादांनी रांगेकडं हात केला. "ह्यो शंकर. ह्यो त्याच्या बाजूचा. मोजा की! सहा हायती. एकेकाला एकेक इंच वाटलाय म्या."

आणि गर्दीला कळायच्या आत त्यांनी वाकून मांडीवर शड्डू ठोकला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. सहाही पैलवानांनी त्याच ठेक्यात शड्डू ठोकले आणि मग हलगी, शिट्ट्या, आरोळ्या, पटके हवेत! मी रडत होतो, ओरडत होतो, शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारत होतो. तो म्हणाला, "पावणं, तुमी कोन त्यांचे?" मी म्हणालो, "शिंपी!"

शेवटची कुस्ती सुटल्यावर वस्ताद मला शोधत आले. मी विचारलं, "वस्ताद, तुम्हाला कळलं होतं तर दुकानातच का बोलला नाही?"

"कुस्ती मैदानात धरायची असती, मास्तर. दुकानात न्हाय." मग माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "कोट झ्याक झालाय. कापूस घातला न्हाईस त्ये बरं केलंस."

त्यानंतर दर वर्षी दसऱ्याच्या आधी वस्ताद माप द्यायला यायचे. कपडा शिवायचा असो नसो. पायऱ्या मोजत वर चढायचे आणि आरशासमोर उभे राहून हुकूम सोडायचे, "वरड. खरं वरड." मी खरं ओरडायचो. एकेचाळीस. चाळीस. एकोणचाळीस. बाकड्यावरची माणसं टाळ्या वाजवायची. बाकीचे म्हातारेही मग धीट झाले. मी विचारायचो, "साहेब, ओरडू का टोल्यात सांगू?" निम्मे तरी म्हणायचे, ओरडा. शेवटच्या वर्षी वस्तादांचं माप सदतीस भरलं. ते पान बायकोनं अजून जपून ठेवलंय. एकाच माणसाची सगळी मापं त्यावर एकाखाली एक आहेत, आणि आता मी येईल त्याला तेच पान दाखवतो.

आता दुकान मुलगा चालवतो. मशिनी विजेवर आल्या, पडदा मात्र तोच. पडद्याआड बायको आहेच, जाड चष्मा लावून. गेल्या महिन्यात मुलगा म्हणाला, "बाबा, दिवाळीला तुम्हाला नवा कोट शिवतो." मी आरशासमोर उभा राहिलो. त्यानं छातीभोवती टेप घेतला, आकडा वाचला, क्षणभर थबकला. मग माझ्याच आवाजात ओरडला, "छाती चाळीस!"

आणि टेबलावर गज वाजला. टक. टक. टक.

हे पोराला शिकवलं कुणी ते विचारायची गरज नव्हती. पडद्याआड हसू दाबल्याचा आवाज आला.  आरशात मी ताठ झालो आणि असा ओरडलो की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

"सदतीस लिही गं! छाती गेली तरी कान शाबूत हायत माझं!"